ताईने न दिलेली पिशवी

"सख्ख्या भावाला एक पिशवी रक्त द्यायला तुझा जीव जातो?" आई भर वॉर्डात ओरडली. "जगाला रक्त वाटत बसतेस, आणि घरचा पोरगा पांढराफटक पडलाय ते दिसत नाही!"

ताई अकरा वर्षं त्याच रुग्णालयाच्या रक्तपेढीत होती. दोघा भावंडांचा रक्तगट एकच, हे आईला पाठ होतं.

"आई, त्याच्या आजारात घरच्यांचं रक्त चालत नाही गं..."

"परक्याचं चालतं, बहिणीचं नाही? कुणाला शेंड्या लावतेस?"

धाकट्याच्या अस्थिमज्जेने रक्त बनवणं सोडलं होतं, आणि ताईने स्वतःची मज्जा गुपचूप तपासायला दिली होती. जुळली तर तीच देणार होती. पण त्याआधी तिचं रक्त त्याच्या अंगात गेलं, तर त्याचं शरीर तिच्या पेशींवर उलटायला शिकलं असतं आणि पुढे तिची मज्जाही झिडकारण्याचा धोका होता. निकालाला तीन आठवडे होते. आणि नाहीच जुळली तर...? आईला आशेला लावून ती आशा मोडायची हिंमत तिच्यात नव्हती!

आईने बोलणं टाकलं. ताई मात्र धाकट्याची प्रत्येक पिशवी स्वतः निवडत राहिली... नुसत्या तांबड्या पेशींची, पांढऱ्या पेशी गाळलेली, किरणांखाली ठेवून निर्धोक केलेली. एकदा काही केल्या रक्त जुळेना, तेव्हा चौदा पिशव्या बाजूला सारून तिने पंधरावी वर पाठवली. वॉर्डात आई त्या अनोळखी दात्याला भरभरून आशीर्वाद देई. निवडणारीला कोण विचारतो!

निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवलं. "मुलीची मज्जा पूर्ण जुळलीय. तेव्हा तिने रक्त दिलं असतं, तर आज आमची पंचाईत झाली असती."

आई जिने उतरून रक्तपेढीच्या खिडकीशी आली.

"सांगितलं का नाहीस गं?"

"जुळलं नसतं तर?"

आईने खिडकीतून हात घालून ताईचं मनगट धरलं.

"कुठून काढणार?"

"कमरेच्या हाडातून."

"दुखेल का गं तुला?"

इतक्या दिवसांत ताईबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. भूल देतात, काही कळत नाही, असं ती मज्जा देणाऱ्यांना नेहमी सांगायची.

"हो... दुखेल गं, आई!" ती म्हणाली, आणि हुंदक्यांनी तिचं सारं अंग गदगदू लागलं.