शेजार रेडिओवरचा रोट

हर्षाली धापा टाकत दोन जिने चढून आली आणि दारातच थबकली. द्वारका चौकातल्या सिग्नलने तिची चार मिनिटं खाल्ली होती, आणि तिच्या खुर्चीत माइकसमोर बसून एक अनोळखी तरुण बिनधास्त अहिराणी बोलत होता. अहिराणी तरी कसली... प्रत्येक वाक्याला ठेचकाळत!

"तुम्ही कोण?" गाणं लागल्या लागल्या तिने विचारलं.

"धीरज. तुमच्यानंतरचा भोजपुरी तास आजपासून माझा." तो उठला. "आम्ही मूळचे बिहारमधल्या सिवानचे, पण वाढलो सातपूरला. रेडिओ गप्प बसलेला बघवेना हो."

"माझ्या भाषेचा जीव घेतलात."

"मग शिकवा ना!"

आणि तो असा हसला, की तिचा राग तिथेच फसला.

त्याला आता आठ महिने झाले. शेजार रेडिओ म्हणजे पोटापाण्यासाठी नाशकात आलेल्या माणसांचं हक्काचं ठिकाण. ज्याची त्याची भाषा, ज्याचा त्याचा तास. पाच ते सहा हर्षाली, सहा ते सात धीरज, आणि मधली पाच मिनिटं दोघांच्या गप्पा. त्या गप्पा लोकांना फार आवडायच्या. त्या दोघांना किती आवडायच्या, ते काचेपलीकडे ध्वनियंत्रं सांभाळणाऱ्या दीपकला विचारावं. धीरजने तिच्याकडे पाहिलं, की हर्षाली उगाच कागद चाळायची, आणि कागद बहुधा कोराच असायचा.

पण गेल्या आठवड्यात तिला मालेगावचं स्थळ आलं. तिने मुद्दाम धीरजला सांगितलं... तो काहीतरी बोलेल म्हणून. तर हा शहाणा "अभिनंदन" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या तासासाठी सकाळची वेळ मागून मोकळा झाला! तिला संताप आला, रडूही आलं. प्रेम होतं तिचं त्याच्यावर. दोघांपैकी कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि आजची पाच मिनिटं शेवटची होती.

माइक सुरू झाला. समोर हर्षालीचा डबा उघडा होता. धीरजने त्यातला एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"वा! ई त हमनी के ठेकुआ के भाई बा! आमचा छठपूजेचा गोड ठेकुआ असाच असतो!"

"अहो, तो कानबाईचा रोट!" हर्षाली माइकवरच ओरडली. दीपकने कपाळावर हात मारला. रोट म्हणजे खानदेशच्या कानबाई देवीच्या प्रसादाची जाड गोड पोळी. रविवारी तिच्या घरी कानबाई बसली होती, आणि हा प्रसाद घराबाहेरच्या कुणाला देत नाहीत. घरच्यांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचा. म्हणून तर ती डब्यात घेऊन फिरत होती.

फोन खणखणले. पहिला सिडकोतल्या नेहमीच्या श्रोत्या नवसाबाईंचा. "वं पोरी, हाऊ रोट खाई ऱ्हायना! हाऊ तुना कोन शे?"

दुसरा फोन तिच्या आईचा. घेऊ नको, अशी दीपकने खूण केली. हर्षालीने घेतला.

"हर्षाली, आपला रोट कोनी खादा?"

धीरजचा चेहरा उतरला. "काकू, चूक झाली. मला माहीत नव्हतं, मी—"

हर्षालीने त्याचा माइक बंद केला. तिचा आवाज जराही हलला नाही.

"माय, चूक नही व्हयनी. रोट घरनाच माणूसनी खादा."

मग तिने त्याचा माइक पुन्हा सुरू केला. "बोला आता. की अभिनंदनच करणार आहात?"

"मला सकाळची वेळ नको," धीरज म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला... तुम्ही हव्या आहात, हर्षाली."

आईचा फोन अजून चालूच होता.

"मी रोज ऐकस तुमन्या गप्पा," आई म्हणाली. "माले काय समजत नही का? त्याले सांग, पौर्णिमाले दोन दिन शेतस, आनि घरमा आखो चार रोट बाकी शेतस. जेवाले ये म्हना."