कच्च्या नंबरची गाडी

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच बाबतीत घडली आहे. कुणाच्या मावशीच्या शेजारणीच्या भाच्याची नाही.

आणि ती रात्री बारा वाजता ओसाड माळावर वगैरे घडलेली नाही. ज्या संध्याकाळी हे सुरू झालं, तेव्हा चांगला उजेड होता. भाजीच्या गाड्या लागल्या होत्या, मुलं खेळत होती, सिग्नलला मागचा माणूस पुढच्याला हॉर्न मारत होता. शोरूम ते आमचं घर, एवढाच रस्ता.

त्या संध्याकाळी मी माझी नवी गाडी घरी आणत होते.

माझी. हा शब्द नीट वाचा, कारण सगळं त्यावरूनच झालं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाच्या करायच्या, बसवायच्या. वर्षानुवर्षं मान मोडून काम केलं तेव्हा कुठे ही गाडी आली. नवऱ्याने फक्त रंग सुचवला. तोही मी बदलला.

घरात आम्ही दोघी जावा. म्हणजे, होतो. थोरली गेल्या वर्षी वारली. साध्या तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात ठेवली, ती परत आलीच नाही. मागे मोठे दीर आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. साखरेचा डबा उघडा दिसला की हात घालायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात.

मला मूल नाही. लपवून काय करायचं? थोरली गेल्यापासून मुंगीची वेणी मी घालते, डबा मी भरते, आजारी पडली की उशाशी मी बसते. तिने एकदा तरी मला आई म्हणावं असं वाटायचं. फार वाटायचं. ती काकू म्हणायची, तेही कामापुरतं. पोर हसायचीच विसरली होती.

खरं सांगायचं तर गाडी मी तिच्यासाठीच घेतली. शाळेत सोडायचं, आणायचं. दोघीच असू. बोलेल, जवळ येईल.

थोरली वाईट नव्हती. पण घरात नवीन काहीही आलं की पहिला हात तिचा. मिक्सर आणला, पहिलं बटण तिने दाबायचं. सोफा आणला, आधी ती बसून बघणार. माझ्या घड्याळाचं खोकंसुद्धा तिनेच फोडलं होतं. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "तिच्या हाताला यश आहे हो." "घरात गाडी आली की पहिली मी बसणार," हे तर तिने कधीचंच जाहीर करून ठेवलं होतं.

आणि गेल्यावर तर विचारूच नका. मेल्या म्हशीला मणभर दूध! भाजी खारट झाली, थोरली असती तर... पडदा वाकडा लागला, थोरली असती तर... जिवंत जावेशी भांडता तरी येतं. मेलेलीशी कसं भांडायचं?

मी गाडी आणायला निघाले, तेव्हा सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पहिल्या फेरीला पुढची सीट मोकळी ठेव गं. तिला फार हौस होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बरं," एवढंच म्हणाले. आणि गाडीत बसल्याबरोबर पर्स, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, होतं नव्हतं ते सगळं त्या सीटवर मांडलं.

तिथेच चुकलं असावं.

शोरूममधल्या पासिंगवाल्याने काचेवर कागदी नंबर चिकटवून दिला. "पक्का नंबर पडेपर्यंत लांब नेऊ नका मॅडम," तो म्हणाला. "कच्च्या नंबरची गाडी म्हणजे नाव न ठेवलेलं बाळ. कुणीही उचलावं आणि माझं म्हणावं."

मी हसले.

सगळ्या सीटवर नवं कोरं प्लॅस्टिक होतं. माझ्या सीटवरचं मी तिथेच काढून टाकलं, कारण त्यावर घसरायला होत होतं. बाकीचं पक्का नंबर येईपर्यंत राहू दे म्हटलं. तेवढीच नवी दिसेल.

नवरा स्कूटरवर मागून येत होता. गाडीत मी एकटी.

पहिला सिग्नल ओलांडला, आणि शेजारून आवाज आला...

चर्र... चर्र...

प्लॅस्टिकवर कुणी बसून, जरा हलून, नीट टेकावं, तसा.

मी मान वळवली. सीट रिकामी होती. पर्स खाली, डबा खाली, बाटली खाली.

मी ब्रेक मारला नव्हता. गाडी सरळ चालली होती. पुढच्या सिग्नलला सगळं उचलून परत सीटवर ठेवलं. हिरवा दिवा लागायच्या आत...

आधी बाटली. मग डबा. मग पर्स. एकेक करून खाली.

आणि मग सुरू झालं... टिंग... टिंग... टिंग...

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला होता. शेजारी बसलेल्या माणसाने बेल्ट लावला नसेल तर लागतो, तो.

घरी पोचेपर्यंत ते टिंग टिंग वाजत राहिलं. शोरूमला फोन केला. ते म्हणाले, "नवीन गाडीत होतं असं, सर्व्हिसिंगला बघू." नवरा म्हणाला, "तुझा डबा जड असेल."

डबा खाली पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीला शाळेत सोडायला निघाले. मी आधीच बसले होते. तिने पुढचं दार उघडलं. आणि दार धरून उभीच राहिली.

बसेना.

मग हळूच म्हणाली, "सरक ना जरा."

मला वाटलं पर्सला म्हणाली. पर्स तर माझ्या मांडीवर होती.

मुंगी बसली. अख्खी सीट सोडून दाराच्या बाजूला, कडेला, अर्ध्या जागेत. मी वाकून तिला बेल्ट लावून दिला. खट् वाजला. बेल्ट ताणलेला होता, पण तिच्या अंगाला टेकतच नव्हता... पोटापासून हातभर लांब, हवेत उभा. मध्ये कुणीतरी असावं, तसा.

मी बोटाने दाबून बघितला. दबला नाही.

"मुंगे, नीट मध्ये बस."

"नीटच बसलेय," ती म्हणाली. आणि हसली.

हसली हो ती! वर्षभरात पहिल्यांदा. मी गोष्टी सांगून दमले, माकडासारखी तोंडं करून दमले, तेव्हा हसली नव्हती. त्या सीटवर बसली आणि शाळेपर्यंत एकटीच गुणगुणत राहिली, खिडकीकडे नाही, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. मी चक्क जळले. मरून वर्ष झालं हिला, तरी माझ्या गाडीत आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली, आणि पोर तिच्याचकडे बघून हसते!

त्यानंतर रोज तेच. मुंगी घरात गप्प. गाडीत बसली की तोंडावर चांदणं. घरी पोचल्यावर तर तिला ओढून उतरवायला लागायचं. आणि मी कोण? चालवणारी. नुसती ड्रायव्हर.

एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानामागे गाडीत जाऊन बसले. गाडी सावलीत होती. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे. शेजारच्या सीटचं प्लॅस्टिक धरलं आणि टराटरा फाडून काढलं. बसायच्या जागचा तुकडा हातात आला आणि मी तो टाकूनच दिला...

तो कोमट होता.

बाकीचं सगळं गार. तेवढाच.

तरी माझं तोंड थांबेना. "ताई," मी म्हणाले, "ही गाडी माझी आहे. काचा घासून घासून घेतलीय मी. सगळं आधी तुम्हालाच मिळालं. घरात मान तुमचा, कौतुक तुमचं, पोरगी तुमची. मेलात तरी तुमचंच! ही एक तरी मला द्या. आणि मुंगीला सोडा. आता तिचं सगळं मी करते."

रडले पण. खोटं कशाला सांगू?

गाडीत अगदी शांत झालं. बाहेर कुणीतरी शटर ओढत होतं, तेवढाच आवाज.

मग...

टिंग... टिंग...

खट्.

आवाज थांबला. दिवा विझला. कुणीतरी बेल्ट लावला होता. मी बघत होते, शेजारचा बेल्ट जागच्या जागी लोंबत होता.

त्या दिवसानंतर प्लॅस्टिक नव्हतं, तरी त्या सीटवर चर्र चर्र वाजतच राहिलं.

मी पासिंगवाल्याच्या मागे हात धुऊन लागले. सकाळी फोन, दुपारी फोन. तो वैतागला. "मॅडम, नंबरासाठी इतका जीव टाकणारं गिऱ्हाईक मी नाही बघितलं." त्याला काय सांगणार? त्याचंच वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. नाव नसलेलं बाळ कुणीही उचलावं. एकदा नंबर पडू दे. मग माझी. कायद्याने माझी.

शेवटी पक्का नंबर आला.

भर दुपारी वर्कशॉपमध्ये पाट्या बसवल्या. मेकॅनिकने काचेवरचा कागद ओला करून खरवडला, त्याचा लगदा कचऱ्यात टाकला. मी पुढे जाऊन माझा नंबर दोनदा मोठ्याने वाचला. मेकॅनिकला वाटलं असेल, बाई पहिल्यांदाच आकडे बघतेय.

गाडी काढली. पहिला सिग्नल गेला. दुसरा गेला.

शेजारी काही नाही. चर्र नाही, टिंग नाही. मी हात लावून बघितलं. सीट गार.

गेली! मी एकटीच मोठ्याने हसले. खिडकी खाली करून गाणं म्हणावं असं वाटलं. अशी जिंकले नव्हते मी आयुष्यात.

तशीच मुंगीला आणायला शाळेवर गेले.

तिने पुढचं दार उघडलं. "सरक" म्हणाली नाही. सीटवर मधोमध बसली. मी बेल्ट लावला, तो तिच्या अंगाला नीट बसला. ती मात्र गोंधळली. शेजारी चाचपडून बघितलं. वळून मागची सीट बघितली. तिचा चेहरा उतरला, आणि देवाशप्पथ सांगते, मला थोडं बरं वाटलं.

"काय शोधतेस?" मी विचारलं.

ती बोट चावत बसली.

आम्ही तळ्याच्या कोपऱ्यावरून वळलो. तेवढ्यात मुंगीने माझ्याकडे बघितलं. आधी सहज. मग नीट. मग तिचा चेहरा असा उजळला...

"आई!"

मला म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली. माझ्या छातीत काय झालं ते मला लिहिता येणार नाही. वर्षभर याच शब्दासाठी मी आसुसले होते. डोळे भरले, आणि ओ द्यायला मी तोंड उघडलं...

"ओ."

ओ आली. पण मी अजून दिली नव्हती.

माझ्या अगदी जवळून आली. इतक्या जवळून की हनुवटीला वारं लागलं. आणि माझ्याच सीटवरून, जिचं प्लॅस्टिक मी पहिल्याच दिवशी काढून फेकलं होतं... चर्र...

मी खाली बघितलं.

माझा बेल्ट लावलेला होता. ताणलेला होता. आणि माझ्या पोटापासून हातभर लांब, हवेत उभा होता.

स्टिअरिंगवर माझे हात होते. गाडी अगदी छान चालली होती. मी चालवते त्यापेक्षा छान.

घरी कशी आले आठवत नाही. सासूबाई खिडकीत होत्या. मी उतरल्यावर म्हणाल्या, "आज गाडी किती सफाईने लावलीस गं." पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं.

याला आता बरेच महिने झाले. हे काय आहे, मला माहीत नाही. कुणी जाणकार असेल तर सांगा, पण गाडी विका असं सांगू नका. नवरा तेच म्हणतो. त्याला मी सगळं सांगितलं आहे. तो आता माझ्या गाडीत बसत नाही.

घरात मी अजून काकूच आहे. वेणी घालताना काकू, डबा भरताना काकू. गाडीचं दार लागलं की आई.

शाळेपासून घर जवळ आहे. तरी मी तळ्याला वळसा घालून येते. तेवढ्या वाटेत मुंगी दोन-तीनदा तरी हाक मारते. तिने तोंड उघडलं की मी घाई करते. अगदी टपून बसलेली असते.

अजून एकदाही पहिली ओ माझी गेलेली नाही.