मागच्या सीटचे अठरा मिलिमीटर

बसा. चहा घ्या. गाडी कुठं पळून जात नाही, आणि सहा वाजायला अजून अर्धा तास आहे. फोनवर तुम्ही म्हणालात, बघितली की लगेच घेऊन जातो. तसं जमणार नाही. आधी सगळं ऐकायचं, सहा वाजता एक माप घ्यायचं, मग ठरवायचं. आत्ता चहा ठेवून आत गेली ती माझी बायको, अनुजा. तिच्या गळ्याला रुमाल का बांधलाय असं तुमच्या तोंडावर आलं होतं, पण विचारलं नाहीत, बरं केलंत. तेही या सांगण्यातच येईल.

माझं नाव सम्राट, पण राज्य एका लेथ मशीनपुरतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बावीस वर्षं टर्नर आहे. आमच्या धंद्यात डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, व्हर्नियरवर ठेवतात. कुणी भुताखेताच्या गोष्टी सांगायला लागलं की मी विचारायचो, किती मिलिमीटरचं होतं? आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचो.

गेल्या दिवाळीनंतर एका सोमवारी, कारखान्याला सुट्टी म्हणून कोडोलीला गेलो. तिथं केरबा नावाच्या एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात बहात्तर सालची बुलेट पडून आहे असं कळलं होतं. होती खरीच. वैरणीच्या भाऱ्यांमागं, अंगावर पोती घेऊन. टाकी गंजलेली, सीटवर कोंबडीनं घर केलेलं, टायर जमिनीत रुतलेले. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाचं साडीगार्ड तेवढं लख्ख होतं. त्याला कुणीतरी रोज तेलाचा हात लावत होतं. मी वाकून बघितलं. साडीगार्ड नटबोल्टवर बसतं, पाहिजे तेव्हा काढता येतं. हे चारी बाजूंनी वेल्डिंग करून कायमचं बसवलं होतं.

"न्या पावणं," केरबा म्हणाला. "माज्यानं आता हिची पुसापुशी हुईना. पर गार्ड काढायचं न्हाय."

"का हो?"

"मागं बाईमाणूस बसतंय की."

"आमच्या घरात बाईमाणूस एकच, आणि ती स्वतःची स्कूटर चालवते," मी हसत म्हणालो.

"तुमच्या घरातलं न्हाय म्हणत मी," असं बोलून म्हातारा म्हशीला पाणी दाखवायला निघून गेला. मला वाटलं, एकटा राहून जरा सरकलाय.

या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार महिने काम चाललं. मदतीला आमच्याच गल्लीतले फक्रुद्दीन चाचा. वेल्डिंगचा धंदा, पण जुन्या गाड्यांवर जीव. इंजिन उघडलं, वायरिंग नवं घातलं, टाकी पत्र्यापर्यंत घासली. मला गाडी माझ्या मनासारखी पाहिजे होती. सगळी काळी, मागून बारीक, आखूड मडगार्ड, वर चपटी सीट. त्यात ते साडीगार्ड डोळ्यांत खुपायचं.

"राहू दे रे," चाचा म्हणाले. "बहू बसेल मागं."

"चाचा, त्यानं गाडी दुधाच्या फेरीची दिसते."

मी ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या, गार्ड खाली पडलं आणि शेडमध्ये वास पसरला. जळक्या रंगाचा नव्हे. दूध उतू गेल्याचा. चाचांनी घराकडं तोंड करून विचारलं, "बहू, दूध ठेवलंय का गॅसवर?" अनुजा दारात आली. गॅस बंद होता.

मागचं चाकही मीच खोललं. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, डिझेलनं धुतला, कापडानं पुसला, टॉर्च मारून आतून बघितला. त्यात एक धागासुद्धा नव्हता. हे लक्षात ठेवा.

गाडी उभी राहिल्यावर शॉकअपच्या स्प्रिंगा लावायच्या होत्या. मागं माणूस बसल्यावर गाडी किती दबते, त्यावर ते ठरतं. अनुजाला म्हटलं, बस एकदा. ती एका बाजूला पाय सोडून बसली, मी व्हर्नियर लावला. तेवीस मिलिमीटर. ती उतरली, शून्य. पुन्हा बसवलं, पुन्हा तेवीस. काम चोख झालं म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जमिनीवर बसून चेन ताणत होतो. शेडमध्ये एकटाच होतो. वर शॉकअप करकरला... सावकाश, जपून बसणारं माणूस बसावं तसा. मी मान वर केली. सीटवर कोणी नव्हतं, पण गाडीचा मागचा भाग खाली गेला होता. हात सवयीनं व्हर्नियरकडं गेला. अठरा.

पावतास तसंच राहिलं. मग पुन्हा एकदा करकर झाली आणि माप शून्यावर आलं. घड्याळात सव्वासहा वाजले होते.

मी स्प्रिंगांना शिव्या घातल्या आणि नव्या आणल्या. दुसऱ्या दिवशी सहाला अठरा. ऑइल सील बदलले. अठरा. गाडी दुसऱ्या कोपऱ्यात उभी केली. अठरा. स्प्रिंग खराब असती तर माप बदललं असतं हो, कधी सतरा, कधी वीस. रोज तंतोतंत अठरा म्हणजे ते वजन आहे. अनुजापेक्षा हलक्या कुणाचं तरी. हे मला कळत होतं, आणि कळतंय हे मी स्वतःशी कबूल करत नव्हतो. खरं सांगतो, भीतीपेक्षा मला राग जास्त येत होता.

मग गाठी सुरू झाल्या. अनुजानं दोरीवर दोन साड्या आणि एक ओढणी वाळत घातली होती. काढायला गेली तर प्रत्येकीच्या पदराला घट्ट गाठ. "तुमचीच मस्करी हाय ही," म्हणून ती माझ्यावर भडकली. दुसऱ्या दिवशी कपाटातल्या घडीच्या साड्यांनाही गाठी निघाल्या. मग ती भडकली नाही. एकेक गाठ सोडून तिनं साड्यांची पुन्हा घडी घातली.

तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. पण वारणानगरला तिच्या बहिणीकडं, स्वप्नालीकडं, बारसं होतं, आणि चार महिने घाम गाळलेली गाडी मला पाहुण्यांत मिरवायची होती. दुपारी अनुजा गुलाबी साडी नेसून बाहेर आली. पदराच्या टोकाला सुपारीएवढी गाठ.

"मी न्हाय मारली," ती हळू आवाजात म्हणाली. "नेसताना नव्हती. राहू दे तशीच... मला बरं वाटंना."

"गावठी दिसतंय," असं म्हणून मी ती गाठ दातांनी सोडली. तिनं पदर खोचायला घेतला, तर म्हणालो, राहू दे मोकळा, छान दिसतो. हे माझेच शब्द आहेत.

निघायला उशीर झाला. वाघबीळ मागं पडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. कोडोली जवळ आली तशी अनुजा माझ्या पाठीला चिकटून बसू लागली. इतकी, की मी टाकीवर रेटला जाऊ लागलो.

"अनू, जरा मागं सरक की."

उत्तर यायला वेळ लागला. अगदी कानापाशी आलं.

"मागं जागाच न्हाय हो..."

धारोष्ण दुधाचा वास आला. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी जड झाली होती, दोघांच्या वजनानं होते त्याहून जड. मी मनगटावर बघितलं. सहाला एक मिनिट कमी होतं. आणि माझ्या पाठीला हिसका बसला. अनुजाचा हात माझ्या खांद्यावरून सुटला. मी ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली.

पदर चाकात गेला होता आणि त्याचा वेढा तिच्या गळ्याला बसला होता. डोळे पांढरे. मी टूलबॉक्समधलं ब्लेड काढून कापड कापलं. घाईत स्वतःचा अंगठाही कापला. तिनं श्वास घेतला तेव्हा मी रस्त्यात बसून लहान पोरासारखा रडलो.

कोडोलीच्या दवाखान्यात तिला झोपवलं होतं. गाडीचा नंबर ओळखून कुणीतरी केरबाला निरोप दिला होता. तो आला, बाकड्यावर बसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "काढलंस न्हवं गार्ड?"

मी मान हलवली.

"मी बी काढलंतं. दुधाच्या किटल्या अडकवायला. सांजच्याला सहा वाजता उरल्याली किटली मांडीवर घिऊन माजी बायको चिमणाबाई मागं बसायची, पावतासात डेअरीला पोचायचो. म्हणली, अवं, पदर जातोय चाकात. मी म्हणलं, गाठ मार की त्येला." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मारली तिनं. ती गाठच अडकली चाकात..."

"मग?"

"ती गेल्यावर बी गाडी रोज सहाला खाली बसायची. घरातल्या लुगड्यांना गाठी. गार्ड डागून टाकलं, तवा गप झाली."

आठ दिवसांनी चाचांनी चाक खोललं. हबाभोवती अनुजाचा गुलाबी पदर गुंडाळलेला होता. चाचा तो उलगडत गेले आणि त्याच्या खालून हिरवं निघालं. इरकली लुगड्याचा पदर, जुना, पण धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ. मी डिझेलनं धुतलेल्या त्याच हबातून. दोन्ही पदरांची टोकं एकमेकांना बांधलेली होती. सुपारीएवढी गाठ. चाचांनी हात मागं घेतला.

ती बाई माझ्या अनुजाला ओढत होती की धरून ठेवत होती, मला आजपर्यंत कळलेलं नाही. अनुजाला विचारलं तर ती गळ्यावरच्या रुमालाला हात लावते आणि दुसरं काहीतरी बोलते.

गार्ड परत बसवलं. चाचांनीच वेल्डिंग केलं, केरबानं केलं होतं तसं चारी बाजूंनी. गाठी थांबल्या. पण सहाचं थांबलं नाही. म्हणून गाडी विकायला काढली. काढली खरी, पण तुम्ही ती नेलीत तर तिच्याबरोबर आणखी काय जाईल, या काळजीनं मला झोप येत नाही.

चला शेडमध्ये, सहा वाजत आले. हा व्हर्नियर घ्या, इथं लावा. आता शून्य आहे, बघून ठेवा... ऐकलंत? करकर? आणि ही दुसरी... हो, दोनदा होते आता. हात हलवू नका. किती आलं?

एक्केचाळीस. मलाही रोज तेवढंच येतं. अठरा चिमणाबाईचे. उरले तेवीस, मी पहिल्यांदा मोजले होते तेच.

आता या दारातून स्वयंपाकघरात बघा. अनुजा ओट्यापाशी उभी आहे, कणीक मळता मळता हात थांबलाय, दिसतंय ना? हाक मारू नका. सहा ते सव्वासहा ती ओ देत नाही.