काटा पंधरावर आला तेव्हा

मंगळवारी भर दुपारी सिग्ने टोलेफसन विमानांच्या हँगरच्या दारात उभी राहून सँडविच खात होती, तेवढ्यात एक पिवळं विमान मक्याच्या शेतावरून आलं आणि न विचारता, न सांगता तिच्या गवताळ धावपट्टीवर टेकलं. विचारणार तरी कसं? त्या सदतीस वर्षांच्या विमानात रेडिओच नव्हता. आतून एक उंचच उंच तरुण घाईघाईनं उतरला.

"तेलाचा दाब पडतोय," तो धापा टाकत म्हणाला. "तुमचे मेकॅनिक कुठे आहेत?"

"जेवतायत." सिग्नेनं उरलेला तुकडा तोंडात कोंबला आणि हात पँटला पुसले. "हं, झालं जेवून. बोला."

तो कानापर्यंत लाल झाला. आयोवातल्या त्या गावात एकोणीसशे त्र्याऐंशी साल उजाडलं तरी बाईच्या हातातल्या पान्यावर कुणाचा विश्वास नव्हता. वडील गेल्यापासून वर्षभर ती एकटीच हँगर चालवत होती, आणि एखादी चूक झाली तर 'आम्ही म्हणालो नव्हतो का?' म्हणायला सगळं गाव टपून बसलं होतं.

त्याचं नाव वेस्ली ब्रँट. नेब्रास्कातल्या एका शाळेत तो पोरांना ट्रम्पेट शिकवायचा. मामानं मरताना त्याच्यासाठी हे विमान मागे ठेवलं होतं आणि ते घेऊन तो इलिनॉयला बहिणीकडे निघाला होता. दाब राखणाऱ्या झडपेची स्प्रिंग थकली होती, एवढंच. पण तसली स्प्रिंग आता कुणी बनवत नव्हतं. सिग्नेच्या वडिलांनी मेलेल्या इंजिनांचे अवयव कॉफीच्या डब्यांत भरून ठेवले होते. ते डबे उपसून स्प्रिंग मिळवण्यात दोन दिवस गेले. दोन्ही दिवस वेस्ली उलट्या बादलीवर बसून दिवा धरत होता.

"हे काय?"

"वायसर."

"आणि हे?"

"माझा अंगठा. दिवा जरा बाजूला धरा."

झडपेच्या बुचाखाली तांब्याचा वायसर लागतो. तांबं जुनं झालं की कडक होतं आणि तेल झिरपू देतं. म्हणून सिग्नेनं डब्यातला एक वायसर ज्योतीवर लालबुंद तापवला, पाण्यात बुडवून मऊ केला, घासून लख्ख केला. बुचाखालून निघालेला जुनाही तिनं सवयीनं घासला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"काम करताना तुमची जीभ बाहेर येते," वेस्ली हळूच म्हणाला. "माहितीय तुम्हाला?"

तिनं मान वर केली. तो हसत नव्हता, नुसता बघत होता... दिवा भलतीकडेच धरून. खाली न बघताच तिनं एक वायसर उचलला, बसवला आणि बूच आवळलं.

गुरुवारी सकाळी इंजिन दहा मिनिटं चालवून बघितलं. दाबाचा काटा तिसावर ठाम होता, कुठे थेंब नाही.

"तापल्यावर काटा थोडा घसरेल," ती म्हणाली. "जुनं मीटर आहे. घाबरायचं नाही."

"आणि घाबरलोच तर?"

"गाणं म्हणा."

"बरं, मग... येतो मी."

"या."

तरी दोघं तसेच उभे. शेवटी तीच पुढे झाली आणि तिनं पंखा फिरवून इंजिन सुरू करून दिलं. नाहीतर संध्याकाळ झाली असती.

विमान पूर्वेला दिसेनासं झालं. सिग्ने आत आली आणि तिनं बाकावरचं फडकं उचललं. खाली राहिलेला वायसर तिनं अंगठ्याखाली दाबून बघितला. मऊ होता! म्हणजे इंजिनात जुना, कडक वायसर गेला होता.

त्या इंजिनात तेल जेमतेम चार लिटर. थंड असताना बूच कोरडं राहिलं, पण तापल्यावर गळणार. तेल संपलं की इंजिन जागच्या जागी जाम होणार. त्याच्या वाटेत खाली नदीकाठचं रान, उतरायला वीतभर मोकळी जागा नाही. आणि काटा पडला तर लक्ष देऊ नको, हेही तिनंच सांगितलेलं! रेडिओ नाही. ओरडून ऐकू जाईल असं अंतर नाही.

तिनं पुढच्या धावपट्टीवरच्या म्हाताऱ्या ओटिसला फोन लावला.

"ओटिसकाका, पिवळं विमान दिसलं का? त्याला उतरवा. काहीही करा, पण उतरवा!"

"अजून काही दिसलं नाही, पोरी. पलंगावरची चादर घेऊन बाहेर पळतो. त्यानंही नाही बघितलं तर पँट काढून हलवीन. तू रडू नकोस."

"मी रडत नाहीये," ती रडत म्हणाली.

फोनची तार ताणून ती दारापर्यंत आली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. फोन वाजला तसा तिनं झडपच घातली. तिच्या ट्रकचे टायर आले होते, कधी नेणार, दुकानदार विचारत होता. तिनं काय उत्तर दिलं, देव जाणे. पुन्हा वाजला, तेव्हा ओटिस होता.

"पोरी," त्याचा आवाज पडला होता. "विमानानं अर्ध्या तासाचं अंतर ना गं? पाऊण तास झाला. कुणी आलं नाही."

सिग्ने मटकन उंबऱ्यावर बसली. त्याच्या बहिणीचा नंबरसुद्धा तिच्याकडे नव्हता. दोन दिवसांत एवढं बोलणं झालं आणि कामाचं एकही विचारलं नव्हतं.

आणि मग, मक्याच्या पलीकडून आवाज आला... नुसता भास असेल म्हणून तिनं श्वास रोखला. नाही, तेच इंजिन! खडखडत होतं, पण चालू होतं. विमान उड्या मारत टेकलं. त्याचं पोट तेलानं काळं झालं होतं, आणि खिडकीतून वेस्ली चक्क हसत होता.

"काटा पंधरावर आला," तो उतरत म्हणाला.

"मी म्हणाले होते ना, लक्ष देऊ नको! मग परत का आलास?" ती ओरडली. तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही.

"निघाल्यापासून परत यायला कारणच शोधत होतो. ढग शोधला, तर आकाश स्वच्छ. वाराही चांगला. मग काटा पडला आणि मला इतका आनंद झाला, सिग्ने... दोन कडवी म्हटली मी!"

तिनं दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं. मग तिला हुंदकाच फुटला.

"अगं, जुनं यंत्र आहे," तो गडबडून म्हणाला. "एखादा वायसर फुटला असेल. तुझा काय दोष?"

त्यानं तिला सुटायला दार उघडंच ठेवलं होतं. ती नुसती 'हो' म्हणाली असती तर गावाला कळलं नसतं, त्यालाही नाही. सिग्नेनं डोळे पुसले. तेलकट हातानं पुसल्यामुळे गालावर मिशी उमटली.

"दोष माझाच आहे. चुकीचा वायसर मी बसवला. तू मेला असतास, वेस्ली. विमानाच्या दुरुस्तीच्या वहीत मी तसं लिहून सही करणार आहे."

त्यानं एकदा विमानाच्या काळ्या पोटाकडे बघितलं, आणि आता मात्र त्याचा चेहरा उतरला.

"पण तुझी नजर तर इतकी पक्की," तो हळू म्हणाला. "असं कसं झालं? कुठे बघत होतीस?"

"तुझ्याकडे," सिग्ने म्हणाली.