चादरीचं दुसरं टोक

ओल्या चादरीचं टोक सुनेच्या हातून निसटलं आणि सासूबाई चमकल्या... घरच्या लाँड्रीत दोघी समोरासमोर उभ्या राहून लोकांच्या चादरी ताणत, घड्या घालत. वाफेने धूसर झालेल्या त्या स्वप्नवत खोलीत नुसत्या हाताच्या ओढीवरून त्यांना एकमेकींचं मन कळायचं. आज ती ओढच नव्हती!

न्हाणीघरात पाय घसरून मनगट मुरगळलं, असं सून म्हणाली. सासूबाईंनी निसटलेलं टोक उचलून घेतलं. विषय लेकाकडे वळेल असं वाटलं की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं.

लेकाची दारू सुटावी म्हणून तो ज्या व्यसनमुक्ती केंद्रात जायचा, तिथे दर आठवड्याला त्याला आणि घरच्यांना एकत्र बसवत. गेल्या खेपेला तिथल्या समुपदेशक ताई मायेने म्हणाल्या होत्या, मनात काही ठेवू नका. सून बिचारी भाबडी! तो कपड्यांच्या ढिगात बाटली लपवतो, हे ती नवऱ्यासमोरच बोलून गेली. तिथे तो मान खाली घालून रडला. घरी आल्यावर त्याने आधी दाराची कडी लावली... तो बरा व्हावा म्हणून तिने आपलं सारं सुख पणाला लावलं होतं. आता मात्र बैठकीत पुन्हा खरं बोलायचं नाही, असं तिने ठरवलं.

पुढच्या बैठकीत ताईंनी पुन्हा तेच विचारलं. नवरा तिच्याकडे बघून मंद हसत होता.

"सगळं छान चाललंय," ती पुटपुटली.

सासूबाई उठल्या आणि आपली खुर्ची ओढून दोघांच्या मधे बसल्या. "ताई, तुम्ही हिला याच्या पुढ्यात खरं बोलायला लावता. पण इथून घरी तिला याच्याबरोबरच जायचं असतं ना? परवा हिच्या हातून चादर सुटली, तेव्हाच मी ओळखलं."

"आई, तू माझी आई आहेस," तो म्हणाला.

"आहे ना. म्हणून तर सांगते, इथेच राहा, बरा हो. घरी आता मी आणि ही."

ताईंचा चेहरा उतरला. सुनेला आधी एकटीला विचारायला हवं होतं, हे त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं. त्याची राहायची सोय केंद्रातच झाली, आणि सुनेला त्याच्यासमोर बसवणं थांबलं.

संध्याकाळी सासूबाईंनी चादरीचं एक टोक सुनेच्या बऱ्या हातात दिलं. त्यांनी ते ताणलं नाही.

"तुझे सासरे होते ना," त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा त्याच न्हाणीघरात मीही घसरायचे गं."

सुनेचे डोळे भरून आले... आणि दोघी सावकाश घडी घालू लागल्या.