खालच्या डाव्या दाढेचं मत

मी ज्यांच्याशी बोलते, ते सगळे आ वासून ऐकतात. यात माझं काही कौतुक नाही. मी दातांची डॉक्टर आहे.

तो आला तेव्हा दवाखान्यात कोणी नव्हतं. दुपारची वेळ, बाहेर भुरभुर पाऊस, आणि दारात एक उंच माणूस, डावा गाल तळहातात धरून उभा. जणू ओळखीच्याच कोणीतरी नुकतीच एक ठेवून दिली होती. बाहेरच्या टेबलाशी माझी मावशी बसते. पेशंटना वेळा देणं, बिलं करणं आणि माझ्या लग्नाची काळजी करणं, अशी तिन्ही कामं ती बघते. तिनं नाव विचारलं. त्यानं बोटानं खाली डावीकडे दाखवलं.

"खालची डावी आलीये गं!" मावशी आत ओरडली. तिला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, दात राहतात.

मी त्याला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, भूल दिली. डोळे... बरे होते. म्हणजे दुखण्यानं पाणावलेले असूनही बरे होते, यावरून काय ते समजा. दाढेचं रूट कॅनाल करावं लागणार होतं. पेशंटचं लक्ष सुईवरून हटावं म्हणून मी सतत बोलत असते, आणि बहुतेक वेळा सिनेमांवर. सिनेमा बघणं हे माझं व्यसन आहे आणि त्यावर मत देणं हे त्याहून मोठं.

"काल एक सिनेमा पाहिला. चित्रकथेच्या पुस्तकावरून काढलेला. गुन्हेगारीचाच आहे, पण असला देखणा... आ मोठा करा. हां. अख्खं शहर काळंपांढरं. पाऊस पडतो ना, तो पाऊस नाहीच, शाईनं ओढलेल्या तिरक्या रेघा! गोळी सुटली की आवाज येत नाही. पडद्यावर 'धाड' अशी मोठ्ठी अक्षरं उमटतात आणि त्या अक्षरांच्या मागून माणूस पळत सुटतो. दुखतंय?"

"आँ."

"नाही ना? छान. तर एक तिजोऱ्या फोडणारा आहे, त्याला हे धंदे सोडायचेत. आणि एक लॉन्ड्रीवाली. ती त्याच्या शर्टावरचं रक्त धुऊन देते, पण तोंडातून एक अक्षर काढून विचारत नाही. काय बाई आहे! पण खरी गंमत रंगांची. मध्येच एखादी वस्तू रंगीत होते. महापौरांचा टाय पिवळा. पोलिसाचे हातमोजे हिरवे. लोकांना वाटतं, उगाच शोभेला. अजिबात नाही! कोणी खोटं बोललं की त्याच्या जवळची एक वस्तू रंगते. खरं बोलणारा बिचारा काळापांढराच राहतो. कसं सुचतं हो यांना?"

"आँ... आँ!"

"तेच म्हणते मी. आता दोष नाहीत असं नाही. मधला भाग ताणलाय. मुडदे थोडे कमी पडले असते तरी चाललं असतं. आणि त्यातल्या बायका घरात कॉफी करतानासुद्धा उंच टाचांवर चालतात, पाय दुखत नसतील का त्यांचे? पण शेवट... बंदरावर तो तिला म्हणतो, 'मी परत येणार नाही. वाट बघू नकोस.' आणि जातो. बस्स. मी रुमाल पिळून वाळत घातला. अक्षरशः."

त्यानं हात वर करून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मी तो हात हळूच खाली ठेवला. बोटं गार होती त्याची. ही गोष्ट मी का लक्षात ठेवली, कोण जाणे.

जाताना तो दारात थांबला आणि बधिर ओठांनी मोठ्या कष्टानं म्हणाला, "धन्यफाद, डॉक्टर."

मी हसले. तोही हसला, पण अर्धाच. उरलेला अर्धा अजून भुलीत होता.

शुक्रवारी संध्याकाळी दवाखाना आवरताना मावशीनं रेडिओ लावला. नव्या सिनेमांवरचा तो कार्यक्रम तिचा भारी लाडका. सांगणाऱ्याचा आवाज असा, की त्यानं विजेचं बिल वाचून दाखवलं तरी ऐकत राहावं.

"...कारण यातले रंग शोभेला नाहीत, श्रोतेहो. कोणी खोटं बोललं की त्याच्या जवळची एक वस्तू रंगते. खरं बोलणारा बिचारा काळापांढराच राहतो..."

मी हात पुसत होते, तशीच थांबले.

"...बायका घरात कॉफी करतानासुद्धा उंच टाचांवर..."

"अगं, हे तर तू परवा..." मावशी म्हणाली.

"...शेवटी तर मी रुमाल पिळून वाळत घातला. अक्षरशः."

मावशीनं रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "खालची डावी!" ती किंचाळलीच.

दुसऱ्या खेपेला तो आला तो दोन्ही गाल सारखे घेऊन. म्हणजे चेहराही बरा होता. मी खुर्ची सरळच ठेवली.

"तोंड मिटा," मी म्हटलं. "आज तुम्ही बोलायचं."

त्याला कळलं. कानापर्यंत लाल झाला. "मी सिनेमाला गेलो होतो, खरंच. पण दाढ ठणकत होती. दोन गोळ्या घेतल्या आणि गाढ झोपलो. जाग आली तेव्हा लोक डोळे पुसत बाहेर पडत होते. शुक्रवारी रेडिओवर काय बोलायचं या काळजीत तुमच्याकडे आलो, आणि तुम्ही..."

"मी आयतं ताट वाढलं."

"मी थांबवायला हात वर केला होता. तुम्ही तो खाली ठेवलात."

"म्हणजे चूक माझी?"

"नाही, नाही. चोरी माझी." मग आवाज खाली करून म्हणाला, "पण खूप फोन आले हो. लोक म्हणाले, इतकं मनापासून तुम्ही कधी बोललाच नव्हतात. आणि खरंय ते. मी रेडिओवर सगळ्यांना आवडेल असं गोड गोड बोलतो. माझं स्वतःचं मत... ते कुठं असतं, मलाच माहीत नाही."

मला राग आला होता. खरंच आला होता. पण आपलं बोलणं त्या आवाजात ऐकल्यावर आतून ज्या गुदगुल्या झाल्या होत्या, त्यांचं काय करायचं?

"शिक्षा आहे," मी म्हटलं. "सिनेमा जागेपणी बघायचा. आणि स्वतःचं मत मला येऊन सांगायचं. माझं नाही चालणार."

"एकट्यानं?"

"मग काय डॉक्टरची चिठ्ठी देऊ?"

"चिठ्ठी नको... डॉक्टरच आले तर बरं. झोप लागली तर कोपर मारायला."

बाहेर मावशीला अचानक खोकला आला. मी कापसाचा बोळा उचलला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "आ करा."

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. त्याला कोपर मारायची वेळ आली नाही. तो पुढं झुकून, गुडघ्यांवर हात ठेवून बघत होता. 'धाड' अक्षरांना दचकला. महापौरांचा टाय पिवळा झाला तेव्हा हळूच माझ्याकडे वळून म्हणाला, "खोटारडा." इतक्या जवळून तो आवाज पहिल्यांदाच ऐकला मी... पुढचा एक मुडदा कोणाचा पडला, ते मला आजही सांगता येणार नाही.

बंदराचा प्रसंग आला. मला ठाऊक होतं काय होणार, तरी डोळे भरलेच. मी चष्मा काढून पुसायला घेतला.

बाहेर पाऊस लागला होता. सिनेमाच्या दारात, पन्हाळीखाली आम्ही उभे राहिलो.

"बोला," मी म्हटलं.

"देखणा आहे. तुम्ही म्हणालात त्याहून देखणा. ती शर्ट धुताना काळं रक्त पांढऱ्या फेसात मिसळतं, ते तुम्ही सांगितलंच नव्हतं. मधला भाग मला ताणलेला वाटला नाही, ती दोघं गप्प बसतात ना, तेवढंच तर त्यांचं प्रेम आहे. पण..." तो अडखळला. "शेवट तुम्हाला चुकीचा कळलाय."

"मला?"

"तो म्हणतो, 'मी परत येणार नाही.' आणि त्याच्या हातातली छत्री निळी होते. क्षणभरच. तुमच्याच नियमानं तो खोटं बोलतोय. तो परत येणार आहे, डॉक्टर. आणि तिला ते दिसतं, म्हणून तर ती रडत नाही."

"छत्री काळीच आहे!"

"निळी."

"मी दोनदा पाहिलाय!"

"दोन्ही वेळा चष्मा पुसत असाल."

"मला बरं वाटावं म्हणून गोड शेवट बनवताय तुम्ही. सवयच आहे तुम्हाला गोड बोलायची!"

बोलून गेले आणि जीभ चावली. त्याचा चेहरा उतरला.

"आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी स्वतःचं मत सांगितलं," तो शांतपणे म्हणाला, "आणि तेही तुम्हालाच खोटं वाटावं..." मान लववून तो पावसात चालायला लागला.

मी तिथंच उभी राहिले. आजवर मला कोणी उलटून बोललंच नव्हतं. बोलणार कसं, सगळ्यांच्या तोंडात माझी हत्यारं! आणि आता एक माणूस माझ्याशी वाद घालून निघून जात होता, तर त्यानं वळून पुन्हा भांडावं असं मला वाटत होतं. हा माणूस मला आवडलाय, हे मला त्या पन्हाळीखाली कळलं. आणि एकच खेप उरली होती. दाढेवर कॅप बसली की त्याला माझ्याकडे यायचं काही कारणच राहणार नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी मावशीच्या आधी रेडिओ लावला.

"मागच्या वेळी तुम्हाला फार आवडलेलं मत माझं नव्हतं," तो आवाज म्हणाला. आज गोड नव्हता, साधा होता. "ते माझ्या दातांच्या डॉक्टरांचं होतं, आणि मी ते न विचारता घेतलं. नंतर मी सिनेमा जागेपणी पाहिला. माझं स्वतःचं मत एकच आहे, शेवटाबद्दलचं. ते डॉक्टरांना अजून पटलेलं नाही. त्यांना पटेपर्यंत ते मी तुम्हालाही सांगणार नाही."

"काय गं हे?" मावशी म्हणाली. "माझी मालिकासुद्धा इतकी रंगत नाही."

शनिवारी दवाखान्याला दांडी मारून मी सकाळच्या खेळाला गेले. एकटीच.

सोमवारी तो आला. नमस्कार केला, खुर्चीत पडला, न सांगता आ केला. मीही कामाला लागले. दाढ कोरडी केली, कॅप लावून पाहिली, घासली, पुन्हा लावली. तोंडातून शब्द नाही.

"आज रेडिओ बंद का?" मावशीनं दारातून डोकावून विचारलं. मी पुन्हा कॅप घासायला घेतली, तेव्हा ती निमूट परतली.

कॅप पक्की बसली. "चावून बघा. उंच लागतेय?" त्यानं मानेनं नाही म्हटलं. मी कापूस काढला, नळी बाजूला केली, दिवा मालवला, खुर्ची सरळ केली. अशा वेळची वाक्यं पाठ असतात, ती म्हणून टाकली. "झालं. आता यायची गरज नाही. बरं झालं, सुटलात एकदाचे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, हे काळंपांढरं होतं की रंगीत?"

आणि दातांच्या डॉक्टरचीच दातखीळ बसली.

खरं सांगते, मी घाबरले होते. ज्यांना उत्तर देता येत नाही अशाच लोकांशी मी आजवर मनसोक्त बोलत आले. उत्तर नाही म्हणजे नकारही नाही. केवढी सोय! पण या माणसाचं तोंड आता मोकळं होतं. तो काहीही म्हणू शकत होता. दोन मिनिटांपूर्वी बोलले असते तर...

मी मास्क काढला.

"छत्री निळी होती. परवा पुन्हा जाऊन पाहिली. चष्म्याला हातसुद्धा लावला नाही. निळीशार. तुमचं बरोबर होतं आणि मी तुम्हाला खोटं ठरवलं."

"एवढंच सांगायचं होतं?"

"नाही." मी हात ॲप्रनच्या खिशात घातले. "मला तुम्ही आवडता. माझ्याशी भांडता म्हणून आवडता. काही दुखतखुपत नसताना तुम्ही परत यावं असं मला वाटतं. झालं, बोलले. आता तुम्ही बोला. आणि लवकर बोला, मला थांबायची सवय नाही."

आवाजावर पोट असलेला तो माणूस दोनदा खाकरला.

"पहिल्याच दिवशी आवडलीस असं म्हणणार होतो," तो म्हणाला. "ऐकायला गोड वाटलं असतं. पण पहिल्या दिवशी नुसती दाढ दुखत होती. तू त्या पन्हाळीखाली लालबुंद होऊन 'छत्री काळीच' म्हणून ओरडलीस ना... तेव्हापासून. पावसात चालत गेलो खरा, पण कोपऱ्यावर बराच वेळ उभा होतो. वाटत होतं, तू हाक मारशील."

"मला 'तू' म्हणालात."

"म्हणालो. परत घेऊ?"

"नको," मी म्हटलं. "आणखी सांग."

बाहेर पुढचा पेशंट येऊन बसला होता. मावशी त्याला सांगत होती, डॉक्टरांना जरा वेळ लागेल, अवघड केस आहे. आत तो सांगत होता... कोपऱ्यावर किती भिजला ते, शुक्रवारी माइकसमोर बसल्यावर मी ऐकत असेन की नाही याची कशी धास्ती वाटली ते. मला मध्ये बोलायचं होतं. मत तर होतंच माझं, प्रत्येक वाक्यावर. पण मी त्या छोट्या फिरत्या स्टुलावर गप्प बसून राहिले आणि त्याला बोलू दिलं.