‘थांबा’ कुणीही म्हणावं

क्रेन मिळेल साहेब. परवा सकाळी सातला तुमच्या दारात उभी असेल. पण ऑपरेटर म्हणून मी येणार नाही. केबिनमध्ये माझी लेक बसेल आणि मी खाली उभा राहून इशारे करीन. नाक मुरडू नका, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. जुनं माणूस वर बसलं तर बरं, असं तुम्ही म्हणालात, म्हणून सांगतो त्या जुन्या माणसानं खुर्ची का सोडली ते. लाइट येईपर्यंत तुम्हाला घाई नाही ना? मग तो कंदील जरा इकडे सरकवा.

एकोणीस वर्षं मी वर आणि माझी बायको खाली, असं आम्ही काम केलं. सुरुवात कशी झाली, तर आमचा इशारेवाला एक दिवस उगवलाच नाही आणि ही माझा डबा घेऊन आलेली. म्हटलं, अगं, जरा हात दाखवतेस का? तिनं डबा खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि घरात सोडायची तसाच हुकूम तिथंही सोडला. "अहो, डावीकडे! डावीकडे म्हटलं ना!" सगळी साइट हसली. त्यानंतर मी दुसरा माणूस ठेवलाच नाही.

आमच्या कामात ऑपरेटरला बऱ्याचदा ओझं दिसतच नाही. ते भिंतीपलीकडे असतं, नाहीतर खड्ड्यात. खालचा माणूस सांगेल तसं करायचं. उचला, सोडा, फिरवा हे फक्त त्या एका माणसाचं ऐकायचं, बाकी दहा जण बोंबलले तरी कान द्यायचा नाही. 'थांबा' मात्र कुणीही म्हणावं. रस्त्यानं जाणाऱ्यानं म्हटलं तरी थांबायचं. आणि एकदा थांबलं, की खालच्यानं ओझ्याभोवती पूर्ण फेरी मारून प्रत्येक गोष्ट पाहिल्याशिवाय पुन्हा हात लावायचा नाही. बायकोनं ही फेरी कधी चुकवली नाही. मी वर बसून कुरकुरायचो, "झाली का प्रदक्षिणा?" तर म्हणायची, "तुम्हाला काय, तुम्ही बसलाय राजासारखे!"

दोन वर्षांपूर्वी ती गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि तीन आठवड्यांनी मी एकटाच घरी आलो. फार आठवण यायची हो. महिना-दीड महिना इंजिनला हात लावला नाही. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, आईच्या जागी मी उभी राहते. उठा आता."

आमचं दुसरं की तिसरं काम असेल. एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनं यंत्र काढायचं होतं. चौदा टन. छताचे पत्रे काढून ठेवले होते. मी क्रेन घेऊन भिंतीबाहेर, हुक छतातून आत, आणि आत हातात वॉकीटॉकी घेऊन लेक एकटी. सकाळचे आठ वाजले होते, पण धुकं इतकं, की मला माझ्याच बूमचं, म्हणजे क्रेनच्या लांब हाताचं, टोक दिसेना. ओल्या गंजाचा आणि शिळ्या ग्रीसचा वास केबिनपर्यंत येत होता. वारा अजिबात नव्हता. तरी वरती कुठंतरी वायररोप हळू कुरकुरत होता… थांबत होता… पुन्हा कुरकुरत होता.

"बाबा, दोर ताणा," लेक म्हणाली. मी ताणला.

"आता उचला. हळू."

मी लिव्हर ओढायला घेतला.

"अहो… थांबा."

माझा हात जागच्या जागी थांबला. हे बघा, आत्ताही अंगावर काटा आला. घाबरलेला आवाज नव्हता तो. दूध उतू जाताना बायको स्वयंपाकघरातून हाक मारायची ना, अगदी तसा.

"बाबा, का थांबलात? मी उचला म्हटलं होतं."

"तू… तू थांबा म्हणालीस?"

"नाही."

"आत आणखी कोणी आहे?"

"कुणीच नाही. बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"फेरी मार," मी म्हटलं. "पूर्ण फेरी मार."

बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मग लेक बोलली, पण आवाज बदललेला. "बाबा… मागचा एक बोल्ट कापायचा राहिलाय. ग्रीसखाली दिसलाच नव्हता."

म्हणजे यंत्र अजून जमिनीला धरलेलं होतं. मी जोर लावला असता तर बोल्ट तुटून ते भिंतीवर आदळलं असतं. आणि भिंतीपाशी लेक उभी होती.

आता माणसानं काय करावं? हात जोडावेत आणि निमूट दोन घास खावेत. मी मात्र रात्रभर एकच गोष्ट घोळवत बसलो, की ती परत कधी बोलेल? वॉकीटॉकी उशाशी घेऊन झोपायला लागलो. हसू नका. दोन-अडीच महिन्यांनी आवाज ऐकला होता मी तिचा.

पंधरा दिवसांनी एक लोखंडी टाकी चढवत होतो. लेक म्हणाली, "सावकाश फिरवा." आणि मी झटक्यानं फिरवली. मुद्दाम, साहेब! वाटलं, आता ती रागावेल. आता म्हणेल, अहो, काय हे… पण रेडिओतून चकार शब्द आला नाही. टाकी झुलली, लेक किंचाळली, आणि तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून टाकी निघून गेली.

मी टाकी खाली टेकवली, इंजिन बंद केलं, उतरलो आणि तिला सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, कानफटात देईल. ती रडली. खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मलाही ती हवीच आहे हो बाबा. पण अशी नको." दुसऱ्या दिवसापासून ती वर आणि मी खाली. परीक्षा देऊन परवानाही काढला तिनं.

गेल्या आठवड्यात त्याच कारखान्यातलं शेवटचं यंत्र काढत होतो. या वेळी आत मी. "उचल," म्हटलं, तर दोर हलेना. मग लेकीचा आवाज आला, अगदी हळू. "हो आई… थांबले."

मी एक फेरी मारली. दुसरी मारली, तिसरी मारली. बोल्ट, हुक, दोर, सगळं चोख होतं. विचारलं, "काय म्हणाली गं?"

"म्हणाली, बाबांना त्या खांबापासून बाजूला कर."

झालो बाजूला. काम सुखरूप पार पडलं. खांबाला काही झालं नाही, वरून साधा खडासुद्धा पडला नाही. तिला तिथं काय दिसलं, कोण जाणे. आणि सांगितलं ते लेकीला, मला नाही. तसं बरोबरच आहे म्हणा, माझ्यावर तिनं भरवसा कशाला ठेवावा? पण लागलं मनाला.

तेव्हा परवा क्रेन नक्की. मी असेन-नसेन, लेक येईलच. आमच्याकडे कामाला असलेली दुसरी एक पोरगीही इशारे छान करते. फक्त एक करा, आता सांगतो ते लेकीच्या कानावर घालू नका. रोज काम सुटलं, की मी त्या कारखान्यात जातो. वॉकीटॉकी चालू करतो आणि त्या खांबाला पाठ लावून उभा राहतो. लेकीच्या जिवाशी पुन्हा खेळणार नाही, पण माझा जीव तर माझा आहे ना?

सहा दिवस काहीच झालं नाही. काल खरखर एकदम थांबली आणि मला अगदी कानाशी ऐकू आलं, "अहो…"

एवढंच. पुढे ती 'थांबा' म्हणणार होती की 'या' म्हणणार होती, ते कळलं नाही. चला, निघतो मी. वेळ झाली.